पॅसेजमधलं दुसरं बटण

…तर मामांनी ती पांढरी डबी रुमालात गुंडाळली आणि दुसऱ्यांदा दुकानात नेऊन काउंटरवर आपटली, इथपर्यंत काल गोष्ट आली होती. आपटली म्हणजे अगदी आपटली नाही. मामांच्या हातून वस्तू आपटली जाणं शक्यच नाही. ठेवलीच, पण आवाज होईल अशी ठेवली. आता काल जे बसले नव्हते त्यांना मामा कोण आणि डबी कसली, काहीच कळायचं नाही. तेव्हा चार पावलं मागे जाऊन येऊ. गोष्टीला कुठे गाडी पकडायचीय.

मामा सार्वजनिक वाचनालयात शिपाई होते. नोकरीला लागले तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं, बाहेर पडले तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. पुस्तकं काढून देणं, धूळ झटकणं, पाण्याची टाकी भरणं हे सगळं ते करतच. पण त्यांचं खरं काम वाचनालय बंद होताना. अगदी मागच्या दालनापासून सुरुवात करायची आणि दिवे घालवत घालवत दारापर्यंत यायचं. प्रत्येक दालनात बटणांचा एक लांबलचक बोर्ड होता. मामा एकेक बटण दाबत बसायचे नाहीत. तळहाताची कड बोर्डाच्या एका टोकाला टेकवायची आणि सर्रकन दुसऱ्या टोकाला न्यायची. खटखटखट, की अख्खं दालन काळोखात. वाचणारे डोळे चोळत उठायचे. त्यावरून कुणीतरी नाव पाडलं, अंधारमामा. पाडणाऱ्याला वाटलं, मामा चिडतील. मामा कसले चिडतात. पुढे नव्या माणसाला स्वतःची ओळखसुद्धा तशीच करून द्यायला लागले.

निरोपाच्या दिवशी ग्रंथपाल बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, “या माणसाच्या नोकरीत इथे एक दिवा फुकट जळला नाही.” टाळ्या झाल्या. मामांनी ते वाक्य घरी आणलं आणि लोक भिंतीवर फोटो टांगतात तसं मनात टांगून ठेवलं. नोकरी सुटली तरी फेरी सुटली नाही. दिवसातून कितीदा तरी ते घरभर फिरायचे आणि जिथे माणूस नाही तिथला दिवा, जिथे माणूस नाही तिथला पंखा बंद करायचे. कधी कधी जिथे माणूस आहे तिथलाही. मामी पोळपाटाशी उभ्या असायच्या आणि डोक्यावरचा दिवा जायचा.

“अहो, मी आहे इथे.”

“हो का? दिसली नाहीस.”

“आता तर मुळीच दिसणार नाही.”

असं चालायचं. मामींची तक्रार नव्हती. नोकरी सुटल्यावर पहिले काही महिने मामा खुर्चीत बसून नुसते दाराकडे बघायचे, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यापेक्षा हे बरं.

मग लेक घरी आली. तिच्या कचेरीने जागा सोडली आणि सगळ्यांना सांगितलं, आता घरून काम करा. तिचं काम मोठं नवलाचं. कुठे बैठक चालली असेल, भाषण चाललं असेल, तर ते कानात घालून ऐकायचं आणि ऐकता ऐकता तसंच्या तसं टाईप करायचं. समोर ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसं बसलेली असतात, त्यांच्या पडद्यावर ती अक्षरं त्याच क्षणी उमटतात. बोलणारा बोलतो, ते वाचतात आणि हसायच्या जागी सगळ्यांबरोबर हसतात. लेकीची बोटं अशी चालायची की मामा दारात उभे राहून बघतच राहायचे.

पण घर पडलं भाड्याचं, जुन्या दगडी भिंतींचं आणि आगगाडीच्या डब्यासारखं लांबट. समोर बैठकीची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, मग अरुंद पॅसेज आणि शेवटी मागची खोली. नेटचा राउटर बैठकीत, आणि लेकीला शांतता हवी म्हणून ती मागच्या खोलीत. मधल्या भिंती ओलांडता ओलांडता वायफायला धाप लागायची. वायर ओढायची तर भिंतींना भोकं पाडावी लागणार, आणि घरमालक वरच राहायचे. खाली खिळा ठोकला तरी ते वरून काठी आपटायचे.

मामा मग चौकातल्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा. शिकत असताना हा रोज वाचनालयात शेवटच्या बाकावर बसायचा. दालनात काळोख झाला की त्याच्या कोपऱ्यातून आवाज यायचा, “मामा, दोन ओळी राहिल्यात.” मामा कुरकुरत त्याच्यापुरता एक दिवा पुन्हा लावायचे. त्या दोन ओळी चांगल्या पानभर लांबायच्या. मामा किल्ल्या खुळखुळवत उभे राहायचे, पण हाकलायचे नाहीत.

दुकानदार म्हणाला, “वायर नकोच. ही डबी घ्या. मध्ये कुठेतरी लावायची. बैठकीतून आलेलं वायफाय ही झेलणार आणि मागच्या खोलीकडे टाकणार. मधला गडी चेंडू पुढे देतो ना, तसं.”

घरी येऊन त्याने स्वतः जागा शोधली. मोबाईल हातात धरून बैठकीतून मागच्या खोलीपर्यंत चालत गेला, परत आला, आणि पॅसेजमध्ये थांबला. तिथे एक छोटासा बोर्ड होता. पहिलं बटण पॅसेजच्या दिव्याचं, दुसरं सॉकेटचं. सॉकेटमध्ये डबी बसवली, बटण लावलं. डबीच्या पोटात आधी तांबडा ठिपका लागला, बराच वेळ तो विचार करत राहिला आणि मग हिरवा झाला. मागच्या खोलीतून लेक म्हणाली, “आलं. अगदी छान आलं.”

चारदोन दिवस बरे गेले. मग नेट मधूनच जायला लागलं. जायचं, जरा वेळाने आपोआप यायचं. लेकीच्या कानातलं बोलणं तुटायचं, बोटं अधांतरी थांबायची. तिकडे पडदा कोरा. एकदा तिने मामांना दाखवलं, काय होतं ते. छोट्या चौकोनांतून माणसं बसलेली, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघणारी. त्यातल्या एका म्हाताऱ्याने हळूच आपला चष्मा पुसला. त्याला वाटलं, आपल्यालाच दिसेना झालं. डबी सदोष आहे, हे मामांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दुकानदाराने बिनबोभाट डबी बदलून दिली. नवी डबीही तशीच वागली. तेव्हा मामा रुमालात ती गुंडाळून निघाले, तो हा काल सांगितलेला प्रसंग. दुकानात गिऱ्हाइकं होती. दुकानदाराने डबी आतल्या टेबलावर लावून बघितली, काहीतरी तपासलं आणि डोकं खाजवत म्हणाला, “मामा, राग मानू नका. डबी बंद पडत नाहीये. हिला मधूनच करंट मिळत नाही. घरात कुणीतरी बटण बंद करतं.”

झालं. मामांचा आवाज चढला. ज्या माणसाने आयुष्यभर वाचनालयात हळू बोला, हळू बोला म्हणून बोट ओठांवर ठेवलं, तो भर दुकानात ओरडला. “घरात कोण आहे? मी, माझी बायको, माझी मुलगी. यातलं कोण खोटं? माल खराब द्यायचा आणि वर माझ्या माणसांवर ढकलायचं. तुला दिवा लावून देत होतो मी, तेव्हा मला वाटलं होतं चांगलं काही वाचतोयस.”

एक बाई वस्तू हातात घेऊन उभी होती, तिने ती परत ठेवली आणि निघून गेली. दुकानदाराचे कान लाल झाले. त्याने फळीवरून तिसरी डबी काढली.

मामांनी घरी येऊन हे रंगवून सांगितलं. लेकीला बरं वाटलं. मामी मात्र भांडं विसळता विसळता थांबल्या. “इतकं बोलायला नको होतं,” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बोर्डावरच्या दुसऱ्या बटणावर चिकटपट्टीचा तुकडा लावलेला दिसला. मामांनी तो नखाने साफ खरवडून काढला आणि विचारलं, “बोर्डावर हा कचरा कोण चिकटवतं?” मामींनी ऐकलं न ऐकलं केलं.

इकडे लेकीच्या कामावर गदा आली. तिच्यावर देखरेख करणाऱ्या मुख्यांना सगळे नुसतं बाई म्हणायचे. लहानपणीच्या तापात त्यांचं ऐकणं गेलेलं, बोलणं मात्र खणखणीत. त्यांनी लेकीला स्पष्ट सांगितलं, “तुझी बोटं चांगली आहेत, पण भरवसा नाही. परवाच्या बैठकीला मी स्वतः बसणार आहे. ती नीट झाली तर राहा.” ऐकू न येणाऱ्या कारागिरांच्या संस्थेची ती मोठी बैठक होती. लेकीने दुकानदाराला फोन केला, “दादा, त्या वेळी तुम्ही स्वतः इथे येऊन बसा. काय होतं ते डोळ्यांनी बघा.” तो दुकानाला कुलूप लावून आला.

नेमक्या त्याच दिवशी मामी बहिणीकडे गेल्या होत्या. बहीण पडली होती, जाणं भाग होतं. निघताना दारात घुटमळल्या. “अहो, आज पॅसेजमध्ये फार जाऊ नका,” म्हणाल्या. मामा म्हणाले, “जाऊ नका काय, मी तिथेच पहाऱ्याला बसणार आहे. करंट कोण चोरतो ते बघतोच.”

आणि खरंच बसले. पॅसेजमध्ये दोन स्टुलं टाकली, एकावर मामा, दुसऱ्यावर दुकानदार. मामा त्याच्याशी बोलत नव्हते, नुसते डबीच्या हिरव्या ठिपक्याकडे बघत होते. आतून लेकीच्या टाईप करण्याचा आवाज येत होता. बैठक अर्ध्यावर आली, ठिपका हिरवाच. मामांचं मन जरा निवळलं. काही झालं तरी माणूस घरी आलाय आणि त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

“चहा ठेवतो,” ते पुटपुटले आणि उठले.

पॅसेजमधून बाहेर पडताना त्यांचा हात वर गेला. तळहाताची कड बोर्डाच्या एका टोकाला टेकली आणि सर्रकन दुसऱ्या टोकाला गेली. खट, खट. पॅसेजमध्ये काळोख. मामा दोन पावलं पुढेही गेले होते. मागून, त्या काळोखातून, सवयीने तोंडून निघून गेलेला आवाज आला, “मामा, दोन ओळी राहिल्यात.”

बोललेला माणूस स्वतःच दचकला. मामा जागच्या जागी थिजले. मग दोघांचेही डोळे एकदमच भिंतीकडे गेले. हिरवा ठिपका नव्हता. दुकानदाराने झेप घेऊन बटण लावलं. ठिपका तांबडा झाला आणि विचार करत बसला. मामा आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचातरी त्यांच्या खांद्याला येऊन लटकलाय.

आतून आवाज आला, “गेलं.” मग खुर्ची सरकली आणि लेक दारात आली. तिच्या कानातली तार लोंबत होती.

“आता काय झालं? तुमच्या डोळ्यांदेखत गेलं ना?”

मामांनी तोंड उघडलं. शब्द घशापर्यंत आले होते, हे त्यांना चांगलं आठवतं. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, “प्लग सैल होता, ताई. मीच नीट बसवला नव्हता. चूक माझी.”

“तुमची चूक आणि काम माझं जाणार,” लेक म्हणाली. “तीन डब्या दिल्यात तुम्ही. एकही धड नाही. लोकांना सांगेन मी, या दुकानाची पायरी चढू नका म्हणून.”

तो मान खाली घालून उभा राहिला. मामाही मान खाली घालून उभे राहिले, आणि लेकीला वाटलं, बाबांना त्या माणसाचीच लाज वाटतेय. ठिपका हिरवा झाला, ती आत पळाली. दुकानदाराने चपला घातल्या. दारात म्हणाला, “चहा पुन्हा कधीतरी, मामा.” त्या बोलण्यात टोमणा असता तर मामांना बरं वाटलं असतं. तो नव्हता.

संध्याकाळी मामी आल्या. मामांनी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. मामी ऐकत राहिल्या. आश्चर्याचा एक शब्द नाही.

“तुला माहीत होतं?” मामांनी विचारलं.

“डबी आली तेव्हापासून. तुम्ही बंद करत जाता, मी तुमच्यामागून लावत जाते. तुम्हाला काय वाटलं, पॅसेजमध्ये माझं इतकं कसलं काम असतं?”

“मग बोललीस का नाही?”

“एकदा चिकटपट्टी लावली, ती तुम्ही खरवडलीत. आणि बोलायचं तरी कसं? दिवे घालवत फिरून आलात की चेहरा कसा खुलतो तुमचा, तुम्हाला नाही दिसत, मला दिसतो.” मग म्हणाल्या, “दुकानात तुम्ही त्याला तसं बोललात, तेव्हा बोलायला हवं होतं. तिथे मी चुकले. पण तुम्ही आज तिच्यासमोर गप्प बसलात, ते मात्र माझ्या डोक्यावर टाकू नका.”

मामांना वाटलं, जमिनीने जागा द्यावी. पण जेवायला बसल्यावरही ते बोलले नाहीत. दोनदा खाकरले. लेक म्हणाली, “बाबा, पाणी घ्या.” मग तीच सांगत बसली, की बाई उद्या सकाळी पडद्यावर भेटणार आहेत आणि निकाल काय लागायचा ते दिसतंच आहे. दुसऱ्या शहरात एका कचेरीत अजून जागा आहे, तिकडे खोली घेऊन राहावं लागेल. तिने बॅगसुद्धा कपाटावरून काढून ठेवली होती. मामांनी तिच्या ताटात वाढलं, स्वतःच्या ताटात वाढलं आणि सगळं संपवलं. मामी त्यांच्याकडे बघत होत्या.

सकाळी लेक पडद्यासमोर बसली. बाईंशी बोलायचं म्हणजे तोंडाने बोलायचं आणि बोटांनी तेच टाईप करायचं, नाहीतर त्यांना कळणार कसं. मामी पॅसेजमध्ये बोर्डाला पाठ लावून उभ्या होत्या. मामांनी आंघोळ करून, वाचनालयात घालायचे तो खाकी सदरा घातला होता. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना तसं वाटलं. ते मागच्या खोलीच्या उंबऱ्यात आले.

बाई म्हणत होत्या, “तुझा दुकानदार खराब वस्तू देतो, हे कारण मी किती वेळा वाचायचं?”

लेक टाईप करत म्हणाली, “आता दुकान बदलते.”

“दुकान बदलायचं नाही,” मामा म्हणाले आणि आत येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचा खाकी सदरा दिसला.

“बाबा, आत्ता नको,” लेक हळू आवाजात म्हणाली.

बाईंनी डोळे बारीक केले. “हे कोण? ते काहीतरी बोलले. काय बोलले ते लिही.”

लेकीची बोटं चालायला लागली, कारण ती तशीच घडलेली होती. ऐकू आलं की लिहायचं. मामा सांगत गेले. वाचनालय, बोर्ड, हाताची कड, दुकानातलं ओरडणं, पॅसेजमधला काळोख, प्लग सैल नव्हता ते. जे लिहितोय त्याचा अर्थ लिहिता लिहिताच तिला कळत होता. तिने मागे वळून पाहिलं नाही. पण मान हळूहळू ताठ होत गेली, ती मामांना मागून दिसत होती.

बाईंनी सगळं वाचलं. पुन्हा वर जाऊन वाचलं. मग मामांकडे बघून विचारलं, “हात नकळत गेला, ते समजलं. पण नंतर तर तुम्हाला कळलं होतं. मुलीचं काम जाणार, तो माणूस बोलणी खाणार, हे समोर दिसत होतं. मग काल गप्प का बसलात?”

मामा म्हणाले, “लाज वाटली, बाई. दुसरं काही नाही. जन्मभर लोकांच्या डोक्यावरचा दिवा घालवून ‘उठा, वेळ झाली’ म्हणत आलो. काल उठून बोलायची वेळ माझी होती आणि माझी जीभ उचलली नाही. बटण माझ्या हाताने गेलं ते मला न कळत, तोंड मिटलं ते मात्र कळून सवरून. डबी चांगली आहे. दुकानदार सरळ आहे, त्याच्याकडे मी इथून उठून जाणार आहे, गिऱ्हाइकं असतील अशा वेळी. पोरगी कामाला पक्की आहे. बिघाड काय तो माझ्यात आहे. ती घर सोडून निघालीय हे ऐकूनसुद्धा मी काल जेवलो, ताट चाटून पुसून. हे तिला आत्ता, तुमच्याबरोबरच कळतंय. … तू का थांबलीस गं? लिही. जसंच्या तसं लिही.”